नोबेलनंतरचे रामन : स्फटिकांत रमलेली चार दशके

कोहका (भिलाई) : भिलाईचे कोहका ज्या दुर्ग जिल्ह्यात येते, तो जिल्हा १९१० मध्ये मध्य प्रांतात होता आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. त्याच वर्षी रंगूनहून बदली झालेला एक तरुण वित्त अधिकारी नागपुरात रुजू झाला. वर्ष पुरे होण्याआधीच बढतीवर तो कलकत्त्याला गेला. तो अधिकारी म्हणजे चंद्रशेखर व्यंकट रामन.

१९२८ चा ‘रामन परिणाम’ शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. त्यानंतरची चार दशके त्यांनी प्रामुख्याने घनपदार्थांच्या अभ्यासाला वाहिली, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे जन्मलेले रामन १९०७ मध्ये सरकारी वित्तसेवेत दाखल झाले. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञानसंस्थेत ते कार्यालयाच्या आधी आणि नंतर प्रयोग करीत. १९१७ मध्ये अधिक पगाराची नोकरी सोडून त्यांनी विद्यापीठातील पालित अध्यासन स्वीकारले. रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाचा थोडासा भाग रंग बदलतो आणि त्या बदलातून रेणूंची कंपने वाचता येतात, हा शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा. १९३० मध्ये त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३३ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. तेथील त्यांची कारकीर्द निष्कलंक म्हणता येत नाही. मुंबईच्या कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना केवळ स्त्री म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला; कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही, तेव्हा कुठे अटी घालून प्रवेश मिळाला. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत अॅना मणी यांनी हिरे आणि माणकांच्या प्रकाशगुणांवर संशोधन केले. संस्थेतील वादांनंतर १९३७ मध्ये रामन यांनी संचालकपद सोडले, प्राध्यापकपद राखले.

मोकळ्या झालेल्या या काळातच त्यांचे एक दूरदर्शी काम घडले. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचा स्फटिक. सुमारे ५७३ अंश सेल्सिअसला त्याची अंतर्गत रचना बदलते. रामन आणि त्यांचे सहकारी नेडुंगाडी यांनी स्फटिक तापवीत त्याचे वर्णपट घेतले. तापमान वाढे तशी एक रेषा पसरट होत शून्याकडे सरकत होती, म्हणजे ते विशिष्ट कंपन मंदावत होते. रचनेतील बदलाचा संबंध याच कंपनाशी आहे, हे त्यांनी १९४० मध्येच सुचवले. कॉक्रन आणि अँडरसन यांनी या कल्पनेला सैद्धांतिक पाया दिला, तो सुमारे वीस वर्षांनी. आज ती ‘मृदू कंपन’ म्हणून ओळखली जाते.

हिऱ्याच्या बाबतीत मात्र ते चुकले. स्फटिकातील अणूंची कंपने अखंड पट्ट्यात पसरलेली असतात, हे जर्मन शास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांचे मत. निर्वासित बॉर्न यांना १९३५ मध्ये बंगळूरला आणून तेथे कायम करण्यासाठी झटणारे खुद्द रामनच होते. हिऱ्याच्या वर्णपटातील ठळक रेषा पाहून कंपने मोजकीच असतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या रेषांचा उलगडा बॉर्न यांच्या सिद्धांतानेही झाला. १९५० च्या दशकात न्यूट्रॉनांच्या साहाय्याने स्फटिकांतील कंपने थेट मोजता येऊ लागली, तेव्हा कौल बॉर्न यांच्याच बाजूने गेला. रामन यांनी तो मानला नाही. निरीक्षणात सहसा न चुकणारी त्यांची नजर येथे आग्रहापुढे हरली.

ग्राफीनचे थर किती आहेत, अतिवाहकात कोणती कंपने जागी आहेत, हे तपासताना क्वांटम पदार्थांचे अभ्यासक आज त्यांच्याच परिणामाचा आधार घेतात.

१९४८ मध्ये त्यांनी बंगळूरला रामन संशोधन संस्था सुरू केली. १९५४ मध्ये ‘भारतरत्न’ मिळाले. संस्थेत त्यांनी हिरे, ओपल, मोती, खनिजे यांचा मोठा संग्रह जमवला आणि उतारवयातही तो न्याहाळत राहिले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार धार्मिक विधींविना, संस्थेच्या आवारातच त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.