डोरोथी डे

डोरोथी डे (८ नोव्हेंबर १८९७ – २९ नोव्हेंबर १९८०) या अमेरिकन पत्रकार, लेखिका आणि ‘कॅथलिक वर्कर’ चळवळीच्या सहसंस्थापक होत्या. कामगारांचा कैवार आणि युद्धविरोध यांमुळे त्यांना साम्यवादी ठरवले गेले. नित्य मिस्सा, जपमाळ आणि चर्चच्या शिकवणुकीवरील अढळ निष्ठा यांमुळे त्यांच्या जुन्या डाव्या स्नेह्यांना त्या अनाकलनीय वाटत. कॅथलिक व्यक्तीची ओळख राजकीय पक्षाच्या नावाने ठरवता येते का, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून वारंवार पुढे येतो.

प्रारंभिक जीवन

डोरोथी यांचा जन्म न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाच्या वेळी डे कुटुंब जवळच्या ओकलंड शहरात राहत होते. बेघर झालेल्यांना शेजाऱ्यांनी दिलेला आधार त्यांच्या मनावर कायमचा ठसला. इलिनॉय विद्यापीठातील शिक्षण दोन वर्षांनी सोडून त्या १९१६ मध्ये न्यूयॉर्कला आल्या आणि समाजवादी वृत्तपत्रांत लिहू लागल्या. १९१७ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी व्हाइट हाउससमोर झालेल्या निदर्शनांत त्यांना अटक झाली व तुरुंगात त्यांनी उपोषण केले. पुढे मात्र त्यांनी आयुष्यात कधीही मतदान केले नाही.

धर्मांतर

तरुणपणी केलेल्या गर्भपाताचे शल्य त्यांच्या मनात दीर्घकाळ राहिले. १९२६ मध्ये कन्या टमार हिचा जन्म झाला, तेव्हा कृतज्ञतेपोटी तिला कॅथलिक बाप्तिस्मा देण्याचे त्यांनी ठरवले. त्यांचे जोडीदार फॉर्स्टर बॅटरहॅम हे नास्तिक व अराज्यवादी होते. त्यांना धर्म आणि विवाह दोन्ही अमान्य होते. त्यांच्यापासून विभक्त होऊन २८ डिसेंबर १९२७ रोजी डोरोथी यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. आपण गरिबांची बाजू सोडून धनिकांच्या चर्चमध्ये तर जात नाही ना, ही शंका त्यांना त्या काळी छळत होती.

कॅथलिक वर्कर

डिसेंबर १९३२ मध्ये त्यांची भेट फ्रेंच स्थलांतरित पीटर मॉरिन यांच्याशी झाली. श्रमिकांविषयीची चर्चची सामाजिक शिकवण सामान्य माणसापर्यंत नेण्याची मॉरिन यांची कल्पना डोरोथी यांनी वृत्तपत्राच्या रूपाने साकारली. १ मे १९३३ रोजी, कामगारदिनी, न्यूयॉर्कच्या युनियन चौकात ‘कॅथलिक वर्कर’चा पहिला अंक विकला गेला. प्रती २,५०० होत्या आणि किंमत एक सेंट. काही वर्षांतच खप एक लाखाच्या वर गेला. पत्राबरोबर भुकेल्यांना अन्न व बेघरांना निवारा देणारी आतिथ्यगृहे उभी राहिली. गरिबांची जबाबदारी शासनावर न सोपवता प्रत्येकाने स्वतः उचलावी, असे त्यांचे मत असल्याने शासकीय कल्याणयोजनांवरही त्यांनी टीका केली. त्यामुळे डावे हे बिरुदही त्यांना पूर्णपणे लागू पडत नाही.

वाद व विरोध

स्पेनच्या यादवी युद्धात अमेरिकेतील बहुतेक कॅथलिक नियतकालिके फ्रँको यांच्या बाजूची असताना त्यांनी कोणताही पक्ष घेतला नाही. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी शांतिवाद सोडला नाही. परिणामी वर्गणीदार घटले आणि चळवळीतील सहकारीही दुरावले. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या महाधर्मप्रांताच्या दफनभूमीतील मजुरांनी संप केला, तेव्हा कार्डिनल स्पेलमन यांच्या विरोधात जाऊन त्या मजुरांच्या बाजूने उभ्या राहिल्या.

१९५१ मध्ये महाधर्मप्रांताने पत्राच्या नावातून ‘कॅथलिक’ हा शब्द काढण्यास सांगितले. कॅथलिक माजी सैनिकांची संघटनाही तेच नाव लावते, तरी तिची मते चर्चची मते मानली जात नाहीत, असे निदर्शनास आणून डोरोथी यांनी नम्रपणे नकार दिला. नाव कायम राहिले.

उत्तरकाल व वारसा

१९५० च्या दशकात अणुहल्ल्याच्या सक्तीच्या सरावांना विरोध केल्याबद्दल त्यांना अनेकदा अटक झाली. १९७० मध्ये भारतभेटीत त्या कलकत्त्यात मदर तेरेसा यांना भेटल्या. १९७३ मध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी, कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या संपात त्यांनी अखेरचा कारावास भोगला. न्यूयॉर्कमधील चळवळीच्याच आतिथ्यगृहात त्यांचे निधन झाले.

२००० मध्ये त्यांच्या संतपदाची प्रक्रिया सुरू झाली. संतपदामुळे त्यांच्या युद्धविरोधाची धार बोथट होईल, असे त्यांच्या काही अनुयायांना वाटते. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकन काँग्रेससमोरील भाषणात त्यांचा गौरवाने उल्लेख केला.