विश्लेषण : प्रत्येक सैनिकाचे नाव जपण्याचा ध्यास घेतलेले फेबियन वेअर कोण? बसऱ्याच्या स्मारकावर मराठा जवानांची नावे का नाहीत?

इराकमधील बसरा शहरापासून काही अंतरावर, वाळवंटात, पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक आहे. त्यावर मराठा पलटणींचाही उल्लेख आहे. मात्र ब्रिटिश सैनिकांची नावे एकेक करून कोरलेली असताना भारतीय हवालदार, नाईक आणि शिपायांच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि त्यापुढे मृतांचा आकडा, एवढेच आले. हे स्मारक ज्या संस्थेने उभारले, तिची स्थापनाच मुळी प्रत्येक मृत सैनिकाचे नाव जपण्यासाठी झाली होती. तिचे संस्थापक होते सर फेबियन वेअर. त्यांनी काय उभे केले आणि ते कुठे कमी पडले, याविषयी…

फेबियन वेअर कोण होते?

वेअर यांचा जन्म १७ जून १८६९ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टनचा. ते सैनिक नव्हते. पॅरिस विद्यापीठातून पदवी घेऊन त्यांनी सुमारे दहा वर्षे शाळेत शिकवले, वर्तमानपत्रांत लेखन केले. पुढे दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालमध्ये लॉर्ड मिल्नर यांच्या हाताखाली ते शिक्षण संचालक झाले. १९०५ मध्ये मायदेशी परतून त्यांनी ‘मॉर्निंग पोस्ट’ या दैनिकाचे संपादकपद स्वीकारले आणि १९११ मध्ये ते सोडून रिओ टिंटो या खाण कंपनीसाठी काम सुरू केले.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा ते ४५ वर्षांचे होते. वय जास्त म्हणून लष्कराने त्यांना घेतले नाही. मिल्नर यांच्या मदतीने त्यांना ब्रिटिश रेड क्रॉसच्या फिरत्या रुग्णवाहिका पथकाचे प्रमुखपद मिळाले आणि त्या सप्टेंबरमध्ये ते फ्रान्सला पोहोचले. काम होते जखमी सैनिकांना शोधून रुग्णालयात पोहोचवण्याचे.

कबरींची नोंद ठेवण्याची कल्पना कुठून आली?

जखमींना शोधताना पथकाला वाटेत कबरी दिसत. शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, चर्चच्या आवारात. घाईत पुरलेले सैनिक, वर एक लाकडी क्रूस आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलेले नाव. दोन-चार पाऊस झाले की ते नाव पुसले जाई. कोण कुठे पुरला आहे, याची नोंद ठेवणारी यंत्रणा तोवर ब्रिटिश लष्कराकडे नव्हती.

बेथ्युन येथील दफनभूमीला भेट दिल्यावर रेड क्रॉसच्या एका अधिकाऱ्याने या क्रूसांवर टिकाऊ अक्षरांत नावे घालण्याची सूचना केली. वेअर यांनी ती उचलून धरली. त्यांचे पथक कबरी शोधू लागले, नावे नोंदवू लागले, नोंदवह्या भरू लागले. १९१५ मध्ये लष्कराने या कामाला अधिकृत मान्यता देऊन कबर नोंदणी आयोग स्थापन केला. ऑक्टोबर १९१५ पर्यंत ३१ हजारांहून अधिक कबरींची नोंद झाली होती.

घरच्यांची पत्रे येऊ लागली. मुलगा नेमका कुठे आहे, कबर कशी दिसते, असे प्रश्न त्यांत असत. मग कबरीचे छायाचित्र आणि तिथे कसे पोहोचायचे याची माहिती घरी पाठवण्याची पद्धत सुरू झाली. हजारो कुटुंबांकडे आपल्या माणसाची शेवटची खूण म्हणून उरले ते हे छायाचित्रच.

ओळखपट्टीचा प्रश्न काय होता?

सुरुवातीला सैनिकाच्या गळ्यात एकच ओळखपट्टी असे. तो मेला की मृत्यूची खबर देण्यासाठी ती काढून नेली जाई. कागदावर नोंद होई, पण मृतदेह बेनाम होऊन जाई. पुढे तो सापडला तरी ओळख पटत नसे. त्यामुळे १९१६ पासून ब्रिटिश सैनिकांना दोन चकत्या देण्यात येऊ लागल्या. एक नोंदीसाठी काढून घ्यायची आणि दुसरी मृतदेहासोबत ठेवायची.

मृतदेह घरी नेण्यास बंदी का घातली?

एप्रिल १९१५ मध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू लेफ्टनंट विल्यम ग्लॅडस्टन आघाडीवर मारला गेला. घराण्याच्या वजनामुळे त्याचा मृतदेह उकरून इंग्लंडला नेण्यात आला. गरीब घरच्या सैनिकाच्या बाबतीत हे शक्यच नव्हते. त्यानंतर मृतदेह उकरून नेण्यास बंदी घालण्यात आली. सरदार असो वा मजूर, जिथे पडला तिथेच त्याच्या साथीदारांसोबत राहील, हे धोरण ठरले. डिसेंबर १९१५ मध्ये फ्रान्सने कायदा करून या दफनभूमींसाठी कायमस्वरूपी जागा दिली.

२१ मे १९१७ रोजी राजाच्या सनदेने ‘इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन’ची स्थापना झाली. अध्यक्षपदी युवराज होते, तर उपाध्यक्ष म्हणून कारभाराची सूत्रे वेअर यांच्या हाती आली. एडविन लुटियन्स, हर्बर्ट बेकर आणि रेजिनाल्ड ब्लूमफिल्ड या वास्तुरचनाकारांना त्यांनी सोबत घेतले. मजकुराची जबाबदारी लेखक रुडयार्ड किपलिंग यांच्याकडे गेली. किपलिंग यांचा एकुलता एक मुलगा १९१५ मध्ये लूच्या लढाईत बेपत्ता झाला होता.

सर्वांना सारखाच दगड, यावर वाद का झाला?

आयोगाने हुद्दा, जात किंवा धर्म न पाहता सर्वांसाठी एकाच मापाचा दगड ठरवला. उंची सुमारे ८१ सेंटिमीटर, रुंदी ३८ सेंटिमीटर. त्यावर नाव, हुद्दा, पलटणीचे चिन्ह, मृत्यूची तारीख आणि खाली घरच्यांना हवा तो मजकूर, तोही ६६ अक्षरांत. ज्यांचे मृतदेह सापडले नाहीत त्यांची नावे मोठ्या स्मारकांच्या भिंतींवर कोरायची होती.

याला तीव्र विरोध झाला. आपल्या मुलाच्या कबरीवर क्रूस उभारण्याचा हक्क आई-वडिलांना नाही, तर मग तो कुणाला, असा पालकांचा सवाल होता. हजारो सह्यांचे निवेदन युवराजांकडे गेले. ४ मे १९२० रोजी ब्रिटिश संसदेत चर्चा झाली आणि आयोगाचे समतेचे धोरण टिकले. पुढच्या काही वर्षांत बेल्जियममधील मेनिन गेटवर ५४ हजारांहून अधिक, तर फ्रान्समधील थिएपवाल येथे ७२ हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांची नावे कोरण्यात आली.

भारतीय जवानांचे काय झाले?

युरोपात नियम बऱ्याच अंशी पाळला गेला. १९२७ मध्ये फ्रान्समधील न्यू शापेल येथे भारतीय सैनिकांचे स्मारक उभारण्यात आले. त्यावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. १९३१ मध्ये दिल्लीत उद्घाटन झालेल्या इंडिया गेटवरही १३ हजारांहून अधिक नावे आहेत.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मात्र चित्र वेगळे होते. तिथे लढलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा येथे तुर्की सैन्याने या डिव्हिजनला सुमारे पाच महिने वेढले. अन्न संपले, रोगराई पसरली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. त्यानंतर कैदेत आणि वाळवंटातील पायपिटीत हजारो जवान मरण पावले. त्यांतल्या अनेकांना ना कबर मिळाली, ना चिता.

१९२९ मध्ये खुल्या झालेल्या बसऱ्याच्या स्मारकावर भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावे कोरण्यात आली. बाकीच्यांची नोंद संख्येत झाली. युरोपबाहेरची परिस्थिती वेगळी आहे, तिथल्या सामान्य सैनिकांच्या कुटुंबांना स्वतंत्र स्मृतिचिन्हाची तितकी गरज वाटत नाही, अशी धारणा साहेबी कारभारात रुजलेली होती. पूर्व आफ्रिकेतील हमालांच्या बाबतीत तर अनेक ठिकाणी नावेसुद्धा जपली गेली नाहीत. हे निर्णय झाले तेव्हा आयोगाच्या कारभाराच्या केंद्रस्थानी वेअरच होते.

चूक मान्य केव्हा झाली?

एप्रिल २०२१ मध्ये याच संस्थेने, म्हणजे आताच्या ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’ने, आपला चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. आफ्रिका, आशिया आणि पश्चिम आशियातील ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान पद्धतीने झाले. आणखी किमान १ लाख १६ हजार जणांची नावे कुठेच आली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही, असे त्यात म्हटले आहे. यामागे वंशभेदी दृष्टिकोन होता, हेही अहवालाने मान्य केले. आयोगाने माफी मागितली आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनीही संसदेत माफी मागितली.

वेअर हे पाहायला नव्हते. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी कबर नोंदणीचे काम सांभाळले आणि बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या ब्रिटिश नागरिकांची नामावली तयार व्हावी यासाठी पाठपुरावा केला. १९४८ मध्ये ते निवृत्त झाले आणि २८ एप्रिल १९४९ रोजी ग्लॉस्टरशरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कबरीवरचा दगड आयोगाच्या सैनिकी दगडासारखाच आहे.

आपल्या गावातील सैनिकाचे नाव शोधता येते का?

बसऱ्याच्या दगडावर नावे नसली तरी ती पूर्णपणे हरवलेली नाहीत. या स्मारकातील मृतांची नामावली आयोगाने कागदोपत्री जपली आणि आता त्यांच्या संकेतस्थळावर नाव, पलटण आणि वर्षावरून मोफत शोध घेता येतो. अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही असतो. मराठी नावे तेव्हाच्या कारकुनांनी कानाला वाटतील तशी इंग्रजीत लिहिलेली असल्याने वेगवेगळी स्पेलिंग टाकून पाहावी लागतात.

साताऱ्यातील ‘मिलिटरी’ अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जवानांचा स्मृतिस्तंभ आहे. महायुद्धात गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत, हे सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या राज्यातील इतरही गावांत आढळतात. तिथेही बहुतेकदा आकडाच असतो. तो आकडा म्हणजे नेमकी कोणती माणसे, याचा धागा घरातील पेटीत असू शकतो. जुने पदक, पेन्शनचा कागद, पलटणीचा क्रमांक असलेले पत्र. पदकाच्या कडेवर अनेकदा सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते घासूनपुसून चकचकीत करण्याच्या नादात ही अक्षरे झिजतात. त्यामुळे आधी त्यांचे स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून सोबत नाव, गाव आणि नाते लिहून ठेवावे. वेअर यांच्या पथकाने १९१४ मध्ये पुसट होत चाललेल्या क्रूसांपासून सुरुवात केली, तीही अशीच नाव लिहून घेण्यापासून.