हरलेला राजा : नॉर्वेचे संत ओलाफ



२९ जुलै म्हटले की आपल्याला संत मार्था, मरिया व लाझरस ही भावंडे आठवतात. त्याच दिवशी दूर उत्तरेकडील नॉर्वे देशात एका राजाचा सण असतो. त्याचे नाव संत ओलाफ. हा राजा लढाई हरला, राज्य गमावून बसला आणि आपल्याच लोकांच्या हातून मारला गेला. तरीही तो नॉर्वेचा आश्रयदाता संत आहे. हे कसे घडले?

ओलाफचा जन्म सुमारे ९९५ सालचा. त्याचे तरुणपण व्हायकिंग लोकांबरोबर समुद्रावर लूटमार करण्यात गेले. फ्रान्समधील रुआँ शहरात त्याचा स्नानसंस्कार झाला असे मानले जाते. १०१५ साली तो मायदेशी परतला आणि पुढच्याच वर्षी राजा झाला. त्याने इंग्लंडहून बिशप व धर्मगुरू आणले, चर्चेस बांधली आणि १०२४ च्या सुमारास मोस्टर येथील सभेत ख्रिस्ती कायदे लागू केले. मात्र जे ऐकत नसत त्यांच्यावर तो तलवार उगारी. मोठमोठी घराणी त्यामुळे दुखावली गेली.

शेजारी डेन्मार्कमध्ये राजा कनूट होता. इंग्लंडही त्याच्याच ताब्यात होते आणि नॉर्वेवर तो हक्क सांगत होता. लक्षात घ्या, कनूटही ख्रिस्ती होता. १०२७ साली तो रोमच्या यात्रेला गेला होता. म्हणजे हे युद्ध धर्मासाठी नव्हते, सत्तेसाठी होते.

१०२६ साली ओलाफने आपला मेहुणा, स्वीडनचा राजा आनुंद याकोब, याच्यासह डेन्मार्कवर स्वारी केली. हेल्गो नदीवर लढाई झाली. ती कोणी जिंकली यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, पण मोहीम फसली हे नक्की. आनुंद आपल्या घरी गेला. जुन्या कथा सांगतात की, कनूटच्या जहाजांनी समुद्राची वाट अडवल्यामुळे ओलाफला आपली जहाजे सोडून जमिनीवरून परतावे लागले.

त्यानंतर कनूटने नॉर्वेच्या सरदारांकडे सोने पाठवले. १०२८ साली तो पन्नास जहाजे घेऊन आला तेव्हा ओलाफसाठी लढायला फारसे कोणी पुढे आले नाही. सोन्याने माणसे विकत घेतली हे खरे, पण ती आधीच मनाने दूर गेली होती. ओलाफ रशियाच्या बाजूला राजा यारोस्लावच्या आश्रयाला गेला.

१०३० साली तो थोडे सैन्य घेऊन परतला. २९ जुलै रोजी स्टिक्लेस्टाड येथे त्याच्यासमोर उभे होते ते बहुतांशी नॉर्वेचेच शेतकरी आणि सरदार. तेथे तो मारला गेला.

पुढे कनूटचा मुलगा स्वेन याच्या राजवटीत करांचा भार वाढला आणि लोकांना पश्चात्ताप होऊ लागला. ओलाफच्या कबरीजवळ आजारी बरे झाल्याच्या वार्ता पसरल्या. ३ ऑगस्ट १०३१ रोजी बिशप ग्रिमकेल यांनी त्याला संत म्हणून जाहीर केले. ओलाफविरुद्ध लढलेला काल्फ आर्नेसन हा सरदारच पुढे ओलाफचा मुलगा माग्नुस याला आणायला परदेशी गेला आणि १०३५ साली माग्नुस राजा झाला. ट्रॉन्डहाइमचे कॅथेड्रल ओलाफच्या कबरीच्या जागी उभे राहिले. यात्रेकरू आजही तेथे पायी जातात.

बंधू-भगिनींनो, संताचे प्रत्येक कृत्य अनुकरणीय असतेच असे नाही. श्रद्धा कोणावर लादता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्टपणे शिकवले. ओलाफच्या तलवारीने माणसे वाकली, पण जिंकली गेली नाहीत. ती जवळ आली ती त्याच्या हातात तलवार उरली नाही तेव्हा.

आपल्या घरातही मुलांना दरडावून रोजरीला बसवता येते. पण ती मोठी झाल्यावर, आपला धाक संपल्यावर, हाती रोजरी घेतील का? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो, कारण वेदीवरूनही दरडावता येते. येत्या आठवड्यात घरातील प्रार्थनेच्या वेळी आपला आवाज थोडा खाली आणून पाहू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू