अर्धा टक्का आणि चिंतामणराव देशमुख

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजीतून आलेले कुठलेही पत्र वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असते. २०२३ साली, मी बारावीत असताना, बँकेचे असेच एक पत्र आले. बदलापूरचे आमचे वन रूम किचन बाबांनी २०२१ मध्ये कर्ज काढून घेतले होते. व्याजदर वाढल्यामुळे हप्ता आणि मुदत दोन्ही वाढल्याचे त्या पत्रात होते. एकही हप्ता चुकवलेला नसताना हा दंड कशाचा, असे बाबांनी मला विचारले. मला सांगता आले नाही, आणि त्याची लाज वाटली.

यंदा एस. वाय. ला सरांनी बँक दर शिकवताना चिंतामणराव देशमुखांचे नाव घेतले. तोवर मला ते राजीनामा देणारे मंत्री म्हणूनच ठाऊक होते. ग्रंथालयात त्यांच्याविषयी वाचू लागले तेव्हा बाबांच्या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडत गेले.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी झाला. वडील वकील. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकून १९१८ मध्ये आय.सी.एस. परीक्षेतही पहिला क्रमांक पटकावला. (पहिल्या क्रमांकांची ही यादी वाचताना, खरे सांगायचे तर, मला थोडा कंटाळाच आला.) मध्यप्रांतात वीस वर्षे नोकरी केल्यावर १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले. ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

माझ्या दृष्टीने खरी कथा इथून सुरू होते. रिझर्व्ह बँक ज्या दराने इतर बँकांना पैसा देते तो बँक दर नोव्हेंबर १९३५ पासून ३ टक्के होता. महायुद्धातही तो हलला नाही. सरकारला कर्ज स्वस्तात हवे होते. शिवाय ब्रिटन युद्धासाठी इथे माल खरेदी करी, त्याचे पैसे लंडनच्या खात्यात जमा होत आणि त्या आधारावर इथे नोटा छापल्या जात. बाजारात नोटा वाढल्या, माल मात्र कमी झाला. व्याज स्वस्त राहिले, पण धान्य महागले. म्हणजे ज्याने कर्ज काढले नव्हते त्यानेही त्याची किंमत भरली. सत्ता परक्यांच्या हाती असताना एकटे गव्हर्नर काय करू शकत होते, हे मान्य करूनही हा भाग माझ्या मनाला बोचतो. १९४४ मध्ये ब्रेटनवुड्स परिषदेत लंडनला अडकलेल्या आपल्या पैशाचा प्रश्न भारतीय शिष्टमंडळाने मांडला. चिंतामणराव त्या शिष्टमंडळात होते.

फाळणीनंतर चलनाचीही वाटणी झाली. जून १९४८ अखेरपर्यंत रिझर्व्ह बँक पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. त्याच सुमारास कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली कुटुंबे बराकींत संसार मांडत होती आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. मी रोज जिथे लोकलमधून उतरते ते हे गाव. १ जानेवारी १९४९ रोजी खाजगी भागधारकांची रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली, तीही चिंतामणरावांच्याच कारकीर्दीत.

१९५० साली ते अर्थमंत्री झाले. कोरियाच्या युद्धामुळे भाव चढत होते. नोव्हेंबर १९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सोळा वर्षांनी प्रथमच बँक दर ३ वरून साडेतीन टक्क्यांवर नेला. तेव्हा गव्हर्नर बेनेगल रामा राव होते, पण अर्थखाते चिंतामणरावांकडे होते. दर वाढला की सरकारचे स्वतःचे कर्जही महागते. जुना ३ टक्क्यांचा रोखा बाजारात पुरत्या शंभर रुपयांना कोण घेईल? त्यामुळे रोखे बाळगणाऱ्या बँकांना तोटा झाला आणि त्यांनी कर्जे देताना हात आखडला. व्यापाऱ्यांना साठेबाजीसाठी पैसा महाग पडू लागला. १९५२ मध्ये भाव उतरले. कोरियाची तेजी ओसरली हेही त्याचे कारण होतेच. आपल्याच खात्याला जड जाणारी गोष्ट होऊ देणारा अर्थमंत्री मला युद्धकाळातल्या गव्हर्नरापेक्षा मोठा वाटतो.

हे वाचल्यावर बँकेचे पत्र मी पुन्हा काढले. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात महागाई रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्के केला. १५ लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर ७ टक्क्यांनी हप्ता सुमारे ११,६३० रुपये बसतो, तर साडेनऊ टक्क्यांनी १३,९८०. आमचे कर्ज साधारण एवढेच. बाबा अंबरनाथला एका लहान कारखान्यात लेथवर आहेत. मालकांचेही व्याज वाढले, त्यांनी नवे यंत्र घेणे लांबणीवर टाकले आणि बाबांचा ओव्हरटाइम बंद झाला. म्हणजे एकाच दराने आम्हाला दोन्ही बाजूंनी गाठले. शेजारचे निवृत्त काका मात्र मुदत ठेवीवर जास्त व्याज मिळते म्हणून खूश होते!

तरीही एक गोष्ट सांगायलाच हवी. माझे आजोबा मुरबाडकडचे. सावकार त्यांच्याकडून महिन्याला शेकडा तीन रुपये घेई, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. जमिनीचा तुकडा त्यातच गेला. चिंतामणराव अर्थमंत्री असताना झालेल्या ग्रामीण पतपाहणीत आढळले की शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांचे होते, आणि सहकारी संस्थांचे जेमतेम ३ टक्के. त्या अहवालानंतर इंपीरियल बँक सरकारने ताब्यात घेतली. १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक सुरू झाली व पाच वर्षांत ४०० शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर आले. आजोबांच्या वाट्याला ती शाखा आली नाही.

कुलाबा मतदारसंघातून लोकसभेत गेलेल्या चिंतामणरावांनी जुलै १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाविरुद्ध मंत्रिपद सोडले. पुढे त्यांनी विद्यापीठ अनुदान मंडळ आणि दिल्ली विद्यापीठ सांभाळले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते हरले. मेघदूताचा मराठी अनुवादही त्यांनी केला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले.

हे सारे मी बाबांना एका रविवारी सांगितले. त्यांनी नाते गावाची चौकशी केली, राजीनाम्याचे ऐकून मान हलवली. मग ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेला नियम मी वाचून दाखवला. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडता यावे, असे त्यात आहे. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर ६.५ वरून ५.५ झाला होता. मग आमची मुदत किती कमी झाली, असे बाबांनी विचारले. ते विचारणारा अर्ज मी त्याच संध्याकाळी मराठीत लिहिला आणि बाबांनी खाली सही केली.