शास्त्रज्ञांची ओळख : स्वांते अऱ्हेनियस

बालमित्रांनो, बाहेर राहिलेले दूध लवकर नासते आणि फ्रिजमधले टिकते, हे आपल्याला ठाऊक आहे. उष्णतेने रासायनिक क्रियांचा वेग इतका का वाढतो, हे ज्यांनी उलगडून दाखवले त्या स्वांते अऱ्हेनियस यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

त्यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडनमधील उप्साला शहराजवळ झाला. तीन वर्षांचे असतानाच ते आपले आपण वाचायला शिकले. १८८४ साली त्यांनी उप्साला विद्यापीठाला डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. क्षारांच्या द्रावणातून वीज कशी वाहते, हा त्याचा विषय. परीक्षकांना त्यांचे विचार पटले नाहीत. प्रबंध कसाबसा उत्तीर्ण झाला. एवढ्या खालच्या श्रेणीवर विद्यापीठात शिकवायला मिळणे कठीण होते. पण अऱ्हेनियस हात जोडून बसले नाहीत. त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशी शास्त्रज्ञांना पाठवल्या. रीगाचे प्राध्यापक विल्हेल्म ओस्टवाल्ड तर त्यांना भेटायला उप्सालाला आले! त्याच वर्षी विद्यापीठाने त्यांना अध्यापक नेमले.

१८८९ साली त्यांनी आम्लामुळे उसाच्या साखरेचे विघटन होते, त्या क्रियेचा विचार केला. तापमान दहा अंशांनी वाढले, तर रेणूंची सरासरी ऊर्जा जेमतेम तीन-चार टक्के वाढते. पण पुष्कळ क्रियांचा वेग मात्र सुमारे दुप्पट होतो. हे कसे? अऱ्हेनियस यांनी सांगितले, की प्रत्येक क्रियेला ऊर्जेचा एक उंबरठा असतो. तो ओलांडण्याइतकी ऊर्जा थोड्याच रेणूंजवळ असते. थोडी ऊब मिळाली, की अशा रेणूंची संख्या झपाट्याने वाढते. या उंबरठ्यालाच सक्रियण ऊर्जा म्हणतात.

हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचे गणितही त्यांनी १८९६ साली मांडले. १९०३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश नागरिक. आणि पारितोषिक कशासाठी? ज्या विचाराचे बीज त्या कमी श्रेणीच्या प्रबंधात होते, त्यासाठीच! २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले.

आता एक प्रयोग. आईबाबांना सोबत घ्या. एका पेल्यात गार आणि दुसऱ्यात तेवढेच कोमट पाणी घ्या. दोन्हींत पाण्यात फसफसणारी एकेक सारखी गोळी टाका आणि ती विरघळायला किती सेकंद लागतात, ते मोजून वहीत लिहा. पुढच्या वर्गात आपण सर्वांचे आकडे फळ्यावर मांडू.

आणि एखाद्या परीक्षेत गुण कमी पडले, तर अऱ्हेनियस यांची आठवण ठेवा. पालकांनीही ठेवावी, ही विनंती!