डॉक्टर होण्याआधीच हात गमावला, तरी एन्झाइमचे कोडे सोडवले. कोण होते जेम्स समनर?

शेतात टाकलेल्या युरियाचा किंवा अस्वच्छ मुतारीचा नाकात जाणारा उग्र दर्प अमोनियाचा असतो. पाण्याच्या मदतीने युरियाचे रासायनिक बंध तोडून हा अमोनिया मोकळा करणारे एन्झाइम म्हणजे युरिएज. अशा एन्झाइमच्या गटाला हायड्रोलेज म्हणतात. पोटातले पेप्सिनही याच गटातले. पण एन्झाइम नेमके कशाचे बनलेले असते? याचे उत्तर अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स समनर यांनी शोधले.

शिकारीत अपघात

समनर यांचा जन्म १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कँटन येथे झाला. १७ व्या वर्षी शिकारीत सोबत्याची गोळी चुकून लागली आणि डावा हात कोपराखालून कापावा लागला. समनर डावखुरे होते. त्यांनी सगळी कामे उजव्या हाताने शिकून घेतली, टेनिसही खेळले. हार्वर्डमध्ये प्रा. ऑटो फोलिन यांनी त्यांना एका हाताने रसायनशास्त्र जमणार नाही, कायदा शिका, असे सुचवले. समनर हटले नाहीत. १९१४ मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली.

९ वर्षांची चिकाटी

कॉर्नेल विद्यापीठात शिकवण्याचा भार जास्त, पैसा आणि उपकरणे कमी. त्यामुळे १९१७ मध्ये त्यांनी एकच मोठे काम हाती घेतले : युरिएज शुद्ध स्वरूपात वेगळे करणे. आपल्याकडच्या अबईच्या जातकुळीतील जॅक बीनमध्ये ते भरपूर असते. अनेक प्रयोग फसले. अखेर १९२६ मध्ये बियांचे पीठ पातळ अॅसिटोनमध्ये मिसळून, गाळून, ते द्रावण त्यांनी रात्रभर थंडीत ठेवले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक स्फटिक दिसले. हे स्फटिक प्रथिनाचे होते आणि युरियाचे विघटनही वेगाने करत होते. म्हणजेच एन्झाइम हे प्रथिन होते.

विरोध आणि नोबेल

जर्मनीचे नोबेल विजेते रिचर्ड विल्श्टेटर यांचे मत उलटे होते. प्रथिन हे फक्त वाहक, खरे एन्झाइम वेगळेच, असे ते मानत. त्यांच्या दबदब्यापुढे समनर यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९३० मध्ये जॉन नॉर्थरॉप यांनी पेप्सिनचे स्फटिक मिळवले आणि पारडे फिरले. १९४६ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा समनर यांना, तर उरलेला नॉर्थरॉप आणि वेंडेल स्टॅन्ली यांना मिळाला.

१९५५ मध्ये, ६७ व्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आज पोटातल्या अल्सरच्या जिवाणूचा शोध घेणारी श्वासचाचणी त्या जिवाणूच्या युरिएजवरच चालते.