रोह्याचे चिंतामणराव

पनवेलहून रोह्याकडे निघालेली आगगाडी पेण, कासू, नागोठणे ही स्थानके मागे टाकून निडी या लहानशा स्थानकात येते. त्यापुढचे स्थानक रोहे. कुंडलिकेच्या काठच्या या गावी, रूळ पडण्याच्या कितीतरी वर्षे आधी, द्वारकानाथ गणेश देशमुख नावाचे वकील राहत असत. त्यांचे पुत्र चिंतामणराव पुढे भारताच्या रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडाच्या परिसरातील नाते या गावी झाला. बालपण मात्र बहुतेक रोह्यासच गेले. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. संस्कृतात असा पारंगत विद्यार्थी केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळवतो, याचे नवल वाटते. पण चिंतामणरावांच्या बुद्धीला कोणताच विषय परका नव्हता. १९१८ साली ते आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले आणि मध्यप्रांत व वऱ्हाड येथे सरकारी अधिकारी म्हणून रुजू झाले.

१९३१ साली लंडनमध्ये दुसरी गोलमेज परिषद भरली. तिच्या चिटणिसांपैकी चिंतामणराव एक होते. भारताच्या भावी राज्यघटनेचा विचार करण्यासाठी ही परिषद बोलावली होती. काँग्रेसच्या वतीने महात्मा गांधी आले होते. आगाखान व जिना हे मुसलमानांचे पुढारी होते. अस्पृश्य वर्गाची बाजू मांडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. शीख, ख्रिस्ती, संस्थानिक यांचेही प्रतिनिधी होते. वादाचे मूळ जुने होते. १९०९ च्या कायद्याने मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले होते. म्हणजे काय? तर मुसलमान मतदारांनीच मुसलमान प्रतिनिधी निवडायचा. शेजारी शेजारी राहणारी दोन माणसे एकाच उमेदवाराला मत देऊ शकत नसत. अशी निवडणूक होऊ लागली की उमेदवाराला दुसऱ्या समाजाच्या दारी जाण्याची गरजच उरत नाही. उलट, संख्येने थोडे असलेल्यांना आपला आवाज बुडून जाईल ही भीती होती, आणि ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही.

परिषदेत या प्रश्नावर एकमत झाले नाही. चिटणिसाचे काम कामकाजाची नोंद ठेवण्याचे, मत देण्याचे नव्हे. १९३२ साली ब्रिटिश पंतप्रधानांनी आपला जातीय निवाडा जाहीर केला आणि विभक्त मतदारसंघ कायम राहिले. पुढे १९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली. मात्र पैशावाचून स्वायत्तता कोरडीच. केंद्राने प्रांतांना किती पैसा द्यावा याची चौकशी झाली, तेव्हा मध्यप्रांताची बाजू मांडणारे टिपण चिंतामणरावांनी लिहिले, आणि त्याची मोठी प्रशंसा झाली.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले व ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. इकडे दुरावा वाढतच होता. १९४० साली मुस्लिम लीगने लाहोरला वेगळ्या राज्यांची मागणी केली. १९४६ साली ब्रिटिश मंत्र्यांच्या शिष्टमंडळाने अखंड भारताची एक योजना मांडली, तीही फसली. ३ जून १९४७ रोजी फाळणीची योजना जाहीर झाली.

जमिनीवर रेघ ओढता येते. नोटेवर कशी ओढणार? लाहोर, ढाका आणि मुंबई येथे एकच नोट चालत होती, आणि ती रिझर्व्ह बँकेची होती. नव्या देशाजवळ स्वतःची बँक नव्हती. म्हणून काही काळ रिझर्व्ह बँकेनेच दोन्ही देशांचे काम पाहावे असे ठरले. एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानात ज्या नोटा निघाल्या, त्या भारतीय नोटांवर पाकिस्तान सरकारचे नाव छापलेल्या होत्या. आणि ती छपाई आपल्या नाशिकच्या छापखान्यात झाली!

शिल्लक रकमेपैकी ७५ कोटी रुपये पाकिस्तानला द्यावयाचे ठरले होते. २० कोटी आधीच दिले होते. इतक्यात काश्मीरमध्ये लढाई पेटली आणि उरलेले ५५ कोटी भारत सरकारने रोखून धरले. बँकेची स्थिती अवघड झाली. दोघेही तिचे खातेदार. पण रक्कम भारत सरकारच्या खात्यातील, तेव्हा त्याच्या आज्ञेवाचून ती दुसरीकडे वळवता येत नव्हती. पाकिस्तानला हे अन्यायाचे वाटले. १३ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींनी दिल्लीत शांतता नांदावी म्हणून उपोषण आरंभले. १५ जानेवारीला सरकारने ती रक्कम देण्याचे जाहीर केले. मात्र दोघांचा विश्वास आता उडाला होता. सप्टेंबरअखेर चालावयाची ही व्यवस्था तीन महिने आधीच संपली आणि १ जुलै १९४८ रोजी कराचीत पाकिस्तानची स्वतःची बँक उघडली.

चिंतामणराव जून १९४९ पर्यंत गव्हर्नर होते. १९५० साली ते देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२ च्या निवडणुकीत कुलाबा जिल्ह्याने, म्हणजे आजच्या रायगडाने, त्यांना लोकसभेवर पाठवले. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून अलग ठेवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषवले. आकड्यांत आयुष्य घालवलेल्या या गृहस्थांनी कालिदासाचे 'मेघदूत' मराठीत आणले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.